मागच्या काचेची कुरकुर

आमचा मामा भित्रा आहे, हे मी प्रेमानेच सांगतो. पाल दिसली की तो खुर्चीवर, आणि खुर्ची करकरली की पुन्हा खाली. अशा माणसाने गाड्यांची कुरकुर-खडखड काढायचं दुकान टाकावं, याचं मला तरी नवल वाटत नाही. तिखट कानाची माणसं पुष्कळ असतात, पण घाबरलेला कान फक्त मामाचा.

त्यातही मागच्या बाजूच्या काचा ही त्याची खासियत. गिऱ्हाईक गाडी चालवणार आणि मामा मागे डोळे मिटून बसणार, एक तळवा काचेवर, दुसरा रबरावर. आवाज नेमका कुठून येतो ते कळेपर्यंत दुरुस्ती नाही. "रडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा नसतो. का रडतोय ते बघायचं," असं तो म्हणतो.

त्या सकाळी मात्र त्याने बोळाच कोंबला.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या त्या इंजिन चालू ठेवूनच. "काका, मागची डावी काच डोकं खातेय. मुलं तिच्या सुरात सूर मिसळतात. पटकन काहीतरी करा, मुलं वाट बघत असतील."

मामाने काच आणि चौकटीच्या मधे फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, पट्टी सरकवली. कुरकुर बंद. ताई खूश होऊन गेल्या. मामा चहा घेऊन दारात उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्याने कप न पिताच बशीत ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पट्टी फार सहज गेली रे."

"मग चांगलंच की!"

"चांगलं काय, डोंबल! ती काच चिकटवलेली असते. तिथे फट असायलाच नको."

आतून मामी म्हणाली, "अहो, काल फ्रीज फुटणार होता तुमचा. अजून थंड आहे."

मामा हसला नाही. "डाव्या खिडकीशी ती दोन वेण्यांची चिमणी पोरगी बसते. काचेला डोकं टेकून झोपते. गाडी उजवीकडे वळली की सगळा भार काचेवर."

मी ताईंना फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यांना मामानेच घाबरवून घाबरवून शिकवलेलं.

एरवी माझ्या स्कूटरवर बसायचं म्हटलं की मामा चालत निघतो. त्या दिवशी तो आधीच मागे बसला होता. निघाल्यापासून एकदाही "हळू" म्हणाला नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पहिला थांबा रिकामा, दुसराही. व्हॅन दिसली ती पुलाआधी. डाव्या काचेला आतून दोन वेण्या चेपलेल्या. पूल संपला की उजवं वळण. मी हॉर्न दाबून धरला. ताईंनी आरशात पाहिलं आणि हात हलवून आम्हाला पुढे जायची वाट दिली!

"थांबवा! ताई, थांबवा!" मामाचा आवाज फाटला.

व्हॅन वळणाच्या तोंडाशी थांबली. मामाने दार सरकवलं, "ये बाळा, इकडे ये," म्हणत त्या पेंगुळलेल्या मुलीला खिडकीपासून ओढून घेतलं आणि मला बाहेरून काचेला हात लावायला सांगितलं. मग खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. दुधाच्या दातासारखी काच हलली. चौकटीतून गंजाचे पापुद्रे गळले आणि अख्खी काच माझ्या हातात आली.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्या म्हणाल्या, "काका, आता यांना न्यायचं कसं?"

मामाने मुलांना उजवीकडे सरकवलं आणि स्वतः त्या भोकाला पाठ लावून बसला, दोन्ही हातांनी समोरची सीट पकडून. "चला. पण हळू."

"काका, तुम्हाला भीती वाटतेय?" वेण्यांनी विचारलं.

"खूप," मामा म्हणाला. "तू अजून थोडी पलीकडे सरक."

काच पायांपाशी धरून मी स्कूटरने मागोमाग निघालो. भोकातून मामाचा शर्ट फुगून बाहेर येत होता.