तिसऱ्या बेटाचा हेल

पितृपक्षातल्या म्हाळाला सगळं गाव कावळ्यांना ‘काव, काव’ करून बोलावतं. आमच्या घरात तेवढ्यावर भागत नसे. घरच्या पितरांना वाडीचं पान दाखवून झालं की माझे चुलतसासरे आणखी तीन केळीची पानं घेऊन परसात जायचे. त्यांवर खीर-वडे नाहीत, चुलीत भाजलेली कच्ची केळी आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. एक पान माडाच्या मुळाशी ठेवून म्हणायचे, ‘मै, मंगान.’ दुसरं ठेवून, ‘मैये, मंगा.’ दोन्हींचा अर्थ एकच: ये, जेव. आणि तिसरं हातात धरून नुसते उभे राहायचे. ओठ हलायचे, शब्द फुटत नसे. अखेर पान तसंच उचलून आत यायचे.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी घरात पाहुणे ताटकळलेले आणि माझे वडे गार होत चाललेले. मी घुश्शातच परसात गेले. म्हटलं, “तात्यानु, तां पान एकदाचा खाली ठेवा बगू.”

“कसा ठेवू गो सुमन?” ते म्हणाले. “तेंका बोलवक माका येणा नाय.”

गाव त्यांना बेटकर म्हणे. आडनाव वेगळं होतं, पण ते रेशनकार्डावर. तरुणपणी ते बोटीवर आगवाले होते, भट्टीत कोळसा ओढायचे. लढाईत बोट बुडाली. वर्षभर वाट पाहून घरच्यांनी त्यांचे दिवसही केले. आणि लढाई संपल्यावर हा माणूस कट्टा गावाहून चालत दारात हजर. “माझो घास कावळ्यान आधीच खाल्ल्यान,” असं म्हणून ते स्वतःच हसायचे. लग्न मात्र त्यांनी कधी केलं नाही.

मधली वर्षं ते पूर्वेच्या दर्यात, नकाशावर टिंबाएवढ्याही नसलेल्या तीन बेटांमधल्या एकावर होते. त्याबद्दल सलग कधी सांगत नसत. मी दुपारी फणसाच्या आठळ्या सोलायला बसले की एखादा तुकडा सांगायचे. “तीन बेटां, तीन भासो. तुझी रेडीची नि आमची मालवणची, तितकोच फरक. पण ती माणसां एकमेकांच्या बोलण्याक हसत.” एका म्हातारीने त्यांना आपल्या खोपटात चटई दिली, केळी खाऊ घातली. मग सैन्य आलं, माड तोडले, शेतं गेली. तिन्ही बेटांवरची माणसं एकाच रानात लपली आणि तापाने तिथेच संपत गेली. खड्डे तात्यांनी खणले.

शेवटी ती म्हातारी आणि तात्या उरले. तिच्या लोकांत मेलेलं माणूस फक्त स्वतःच्या बोलीतल्या हाकेला घरात येतं. परक्या हाकेला कुंपणापर्यंत येतं आणि उभंच राहतं. म्हातारी म्हणाली, आता आम्हांला बोलावणारा तूच. “होय म्हटलंय,” तात्या म्हणाले. “तिची केळी खाल्लेली. नाय कसा म्हणू?”

परत आल्यावर पहिल्या म्हाळाला त्यांनी सगळ्यांना मिळून एकच पान मालवणीत ठेवलं. त्या दुपारी ओटीवर डोळा लागला, तर परसाच्या दगडी गडग्यापलीकडे बेटांवरची ती मेलेली माणसं सगळी उभी. “रांगेत उभी, घराकडे बगत. एक भितर येयना. माका भय वाटूक नाय गो. लाज वाटली.” तेव्हापासून तीन पानं. म्हातारीची बोली त्यांना चांगली येई, दुसरी कामापुरती. तिसऱ्या बेटावरच्या लोकांशी मात्र त्यांचा फारसा संबंध आला नव्हता, आणि आला तेव्हा ती माणसं पाणी मागण्यापलीकडे बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

हे ऐकल्यावर माझा वड्यांचा राग गेला. उलट संध्याकाळी परसात जायचं झालं की मी गडग्याकडे बघायचं टाळू लागले.

गोवा आपल्यात आला त्याच्या आगेमागे माझ्या भावाचा रेडीहून निरोप आला. तो खनिज भरायच्या कामावर होता. बोटीवर त्याच दर्यातला एक खलाशी आला होता. तात्या इस्त्रीचा सदरा घालून निघाले, मी माहेरपणाच्या निमित्ताने सोबत गेले. दोघे धक्क्यावर भेटले. तात्यांनी बोटं उघडून म्हातारीच्या बोलीत मोजायला सुरुवात केली आणि तो पोरगा दोन बोटांनंतर त्यांच्याबरोबर मोजू लागला. ‘लिमा’, पाच, हा आकडा दोघांनी एकदमच म्हटला. आणि तो निघाला तिसऱ्या बेटाचाच. तात्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

“तेरी दादी जेवायला कशी बुलाती थी?” त्यांनी आगबोटीच्या मोडक्या हिंदीत विचारलं.

पोरग्याचं घर लढाईआधीच बेट सोडून बंदराच्या शहरात आलं होतं, तो तिथेच वाढला. आजी तिच्या बोलीत हाक मारायची, तो बंदराच्या भाषेत ओ द्यायचा. आजी गेली. “शब्द नहीं आता, चाचा,” तो म्हणाला. मग डोळे मिटून त्याने हाकेचा नुसता हेल काढला. आधी वर चढणारा, मग लांबत खाली येणारा. बस, तेवढंच.

येताना एस. टी.त तात्या तो हेल घोळवत होते. त्या वर्षी त्यांनी तिसरं पान प्रथमच खाली ठेवलं, तोंड मिटून हेल काढला आणि गडग्यातल्या बेड्याकडे, बांबूच्या फाटकाकडे, पाहिलं. मी विचारलं, “इली?” ते म्हणाले, “बेड्यापर्यंत इली. भितर नाय.”

पुढे गुडघे गेले तेव्हा दोन्ही वाक्यं आणि हेल त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला. मला हसू यायचं, मग येईनासं झालं. मी नीट म्हणते की नाही कोण जाणे. चुकलं तर सांगणारं आता कुणी नाही.

तात्या गेल्यानंतर त्यांच्या पहिल्या म्हाळाला माझ्या नवऱ्याने त्यांचं पान मालवणीतच ठेवलं. कावळ्याने लगेच चोच मारली. सगळ्यांनी निःश्वास सोडला आणि जेवायला बसले. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी हा माणूस हातात पान घेऊन उन्हात उभा राहिला, त्यांना बाहेर ठेवून तो एकटा आत येऊन जेवेल?

मी उठले. भाजलेल्या केळ्यांचं तिसरं पान घेतलं, तात्यांसाठी खीर-वड्यांचं आणखी एक वाढलं. बांबूचं बेडं उघडून गडग्याबाहेर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि तोंड मिटून हेल काढला.

आत आले तर सासूबाई दारात उभ्या. “भायर पान कित्याक गो? थंय कोण आसा?”

“तात्या आसत,” मी म्हटलं. “एकटे नाय.”