गिरणी सुरू झाली की उठणारी मुलगी

पुण्याहून अकोल्याला जाताना मला गाडीत झोप लागत नाही. खिडकी उघड, बंद कर, पाय हलवत बस, असं माझं रात्रभर चालतं आणि समोरचे प्रवासी वैतागतात. लहान मुलांच्या अस्वस्थपणाचा अर्थ लावणं हे माझं पोटापाण्याचं काम; स्वतःच्या अस्वस्थपणापुढे मात्र मी हात टेकलेत. त्या हिवाळ्यात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या तपासणीसाठी मी वऱ्हाडात निघाले होते.

अकोल्यात उतरून आलूबोंडा आणि झणझणीत रस्सा खात होते, तेवढ्यात ओळखीच्या शिक्षिकेचा फोन आला. अंजनगाव सुर्जीची सहा वर्षांची आफरीन दुसऱ्याच दिवशी मुक्या-बहिऱ्यांच्या वसतिगृहात दाखल होणार होती. "मला ती बहिरी वाटत नाही. आजच्या आज पाहा," असं त्या म्हणाल्या. मी रस्सा अर्धा टाकून जीप ठरवली.

अकोटच्या पुढे जीप पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). टपरीवरच्या म्हाताऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोनाच्या घरी जाऊन राहिले (जाताय) बाई? चौकशीले आले का?"

त्या वर्षांत अनोळखी गाडी गावात शिरली की कुण्या शेतकऱ्यानं जीव दिला असणार आणि सरकारी माणसं आली असणार, असंच लोक धरून चालत. मी म्हटलं, "नाही आजोबा, एका लहान मुलीला भेटायचंय."

"मंग बरं हाय," म्हणत त्यानं बिडी पेटवली.

आफरीनचे वडील सलीमभाई पिंजारी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्यांचं दुकान, त्यात कापूस पिंजायचं यंत्र आणि मागे घर. यंत्राचा आवाज असा की माझं डोकं ठणकायला लागलं. आफरीन त्याला खेटून बसली होती, फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत.

"दुसरं लेकरू इथं कान झाकून पयते (पळतं)," सलीमभाई म्हणाले. "हिले काहीच नाही. डाक्टरनं बी टाळ्या वाजवून पायल्या. म्हने, बहिरी हाय."

तेव्हापासून घरात तिच्याशी बोलणंच थांबलं होतं. आई रुखसाना सगळं हातवाऱ्यांनी सांगायची. कोपऱ्यात वसतिगृहाची पिशवी भरून तयार होती, वर नवा स्वेटर.

यंत्र थोडा वेळ बंद करायला लावून मी नावानं हाक मारली, घंटी वाजवली, खुळखुळा हलवला. आफरीननं ढुंकूनही पाहिलं नाही. मग भारनियमन सुरू झालं, यंत्र थांबलं आणि आम्ही मागच्या अंगणात जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं पाहून सलीमभाई हसले. "पुन्याच्या मानसाले आमचा ठेचा झेपत नाही."

आफरीन आमच्याकडे पाठ करून भिंतीचे पोपडे काढत होती. अचानक ती उठली, तिनं वडिलांचा खरकटा हात धरून त्यांना दुकानात ओढत नेलं आणि तो हात बटणावर ठेवला. यंत्र सुरू झालं.

"पाहा मॅडम, लाईट आली का हिले आमच्या आधी समजते. आमी म्हनतो, पोरीच्या आंगातच करंट हाय."

घरातला हा जुना विनोद असावा, रुखसानाही हसली. मी मात्र जेवण सोडून इकडेतिकडे बघू लागले. अंगणात ना दिवा होता ना पंखा. मग तिला कळलं कसं? यंत्र थांबवायला सांगून मी येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा लाईट येताच सुरू झालेल्या मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची पुसट घरघर ऐकू आली. मी जीपच्या ड्रायव्हरला निरोप देऊन तिकडे पिटाळलं: गिरणी जरा बंद करायची, मग पुन्हा सुरू. सलीमभाईंना आफरीनला घेऊन अंगणात बसायला सांगितलं. घरघर थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली आणि आफरीन उठून वडिलांच्या हाताशी आली.

"सलीमभाई, ही ऐकते."

मशीननं कान तपासून घ्याच, पण उद्या तिला पाठवू नका, असं मी सांगितलं. हिची अडचण वेगळी आहे; ही स्वमग्न असावी. वसतिगृहात सगळं चेहरे आणि हात बघून शिकवतात. ही माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नाही.

"मंग हिच्यासाठी शाळा कुठी हाय?"

अंजनगावात नव्हती. अमरावतीत, अकोल्यातही मला नाव घेता येईल अशी नव्हती. होती ती एकुलती एक वाटही मीच बंद करत होते आणि माझी मलाच लाज वाटत होती.

"गिरनीच्या आवाजाले उठते," सलीमभाई हळूच म्हणाले, "मंग मायच्या आवाजाले काहून (का) नाही?"

मी समजावू लागले, पण रुखसानानं मध्येच विचारलं, "मॅडम, आमी हिले धाडाचं का ठेवाचं, हे हिच्यासमोरच बोलत होतो. भांडलो बी. ते ऐकलं असन का हिनं?"

"ऐकलं असेल. समजलं किती, ते मला सांगता येणार नाही."

रुखसानानं पिशवीतला स्वेटर काढून आफरीनला घातला आणि ती तिच्यासमोर मांडी घालून बसली. "तुले कुठीच नाही धाडत," ती म्हणाली. मग मावशीचं लग्न झालं, बकरी व्याली, आज ठेचा तिखट झाला, असं काहीबाही सांगत सुटली. आफरीन पोपडे काढत राहिली. मी निघाले तरी ती बोलतच होती.

पुढच्या तपासणीसाठी रात्री बडनेऱ्याहून गाडी पकडली. झोप नव्हतीच. समोरच्या बाकावर एक जोडपं झोपलेल्या लेकराच्या उशाशी तावातावानं भांडत होतं. त्यांना हळू बोला म्हणावंसं फार वाटलं, पण मी खिडकीच उघडली आणि पुन्हा बंद केली.