घोडीने टेकवलेलं कपाळ

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एक फेटेवाला म्हातारा दरवर्षी दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तो अनोळखी घोड्याचं कपाळ स्वतःच्या छातीशी धरायचा. घोडं शांत राहिलं, तर लेकरांना बसवायला चांगलं. लोक त्याच्या या पारखीवर विसंबायचे.

एका वर्षी तो छातीत पेसमेकर बसवून आला. चहाच्या टपरीवर त्याने मला विचारलं, "दादा, हाई मशीन घोडाले ऐकू येई का?"

"येई ना! टिकटिक ऐकीसन बिचकी जाई," मी थट्टा केली. ती बाजारभर पसरली आणि त्याला कोणी बोलावेना. तोही लांब बसू लागला.

शेवटच्या संध्याकाळी तापीवरून धुकं आलं. त्यातून एक पांढरी घोडी आली, त्याच्या छातीला कपाळ टेकवून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. तो हळूच म्हणाला, "दादा, इले मी अजून मीच वाटस."

हे पाहणारा मी एकटाच होतो, आणि मी कोणाला सांगितलं नाही. पुढे तो बाजारात दिसला नाही.

आता माझ्याही छातीत तसलंच मशीन आहे. बाजारात मी घोड्यांजवळ थांबतो, पण छाती पुढे करत नाही. घोडं बिचकलं, तर ते मशीनमुळे नसेल.