एवढी घाई कशाला?

"ही आमच्याकडे लॅबच्या काचा धुते," मॅडम माइकवर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला. तोही भरल्या हॉलसमोर, फोटोवाला समोर आल्यावर.

विद्याधर नगरातला हॉल. जयपुरातल्या मराठी लोकांचा संक्रांतीचा कार्यक्रम. बँकेतले साहेब, विम्यातले साहेब, डॉक्टर, प्रोफेसर, काळ्या साड्यांतल्या त्यांच्या बायका. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंग काटणाऱ्यांचा "वो काटा!"चा दंगा. मी आणि बाबा शेवटच्या रांगेत बसलो होतो. मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. "बाबांनाही आण," म्हणाल्या होत्या.

सीतापुऱ्यातल्या एका खाजगी कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. मॅडम तिथल्या विभागप्रमुख. मूळच्या पुण्याच्या. आम्ही अकोल्याकडचे. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात शिपाई होते, बदलीवर इथं आले आणि इथंच राहिले.

त्या दिवशी मॅडमच्या भाषणाचा विषय होता, छोटी पावलं आणि मोठं ध्येय. आणि उदाहरण मी. म्हणून शेवटच्या रांगेतून मला एकटीला स्टेजवर बोलावून घेतलं.

"अशा समाजातून आलेली मुलगी," त्या म्हणाल्या. "घरात शिक्षणाचं वातावरण नाही. पण रोज एक छोटं पाऊल! आज बी.एस्सी. झाली. आपल्या मुलांनी हिच्याकडून शिकावं. हिला जमतं, तर तुम्हाला का नाही?"

टाळ्या.

हिला जमतं, तर.

समोर बघितलं तर बाबाही टाळ्या वाजवत होते. ज्यांच्या घरात वातावरण नव्हतं, ते बाबा. ऑफिसातले एका बाजूनं कोरे कागद मागून आणायचे. रविवारी दाभणानं शिवून माझ्या वह्या करायचे. मला त्या टाळ्या बघवेनात. तोंडात तिळाचा लाडू होता. तो गिळताही येईना, थुंकताही येईना.

एकोणिसाव्या वर्षी मी या कॉलेजात लागले. बारावी सायन्सला नापास झाले होते. मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "कुठले तुम्ही?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून चहाचा माझा कप वेगळा. खिडकीत, ॲसिडच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच काय? कप बोलत होता. आणि मी त्याच कपातून रोज चहा प्यायले. त्यासाठी आज मला मॅडमपेक्षा स्वतःचीच किळस जास्त येते.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाटलीचं बूच दुसरीला लावलं. मॅडम सगळ्या वर्गासमोर ओरडल्या, "वाचता येत नाही का?"

वाचता येत होतं. कळत नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं, रोज एक बाटली. कपाटातल्या एका बाटलीवरचं नाव, सूत्र, सगळं उतरवून घ्यायचं. मुरलीपुऱ्याहून सीतापुऱ्याला दोन बस बदलून जाते मी. जाताना पाठ करायचं. येताना, ती कशात मिसळली की काय होतं, ते जुन्या पुस्तकात शोधायचं. जागा मिळाली तर बसून, नाहीतर दांडा धरून. बाटल्या संपायला वर्ष लागलं. मग बारावीचं रोज एक गणित. ताप असेल तरी एक. आई गेली त्या आठवड्यात मात्र एकही नाही. आठव्या दिवशी पुन्हा एक. बारावी पास झाले. मग मुक्त विद्यापीठातून बी.एस्सी. तीन वर्षांची, मला सहा लागली. सुट्टीच्या दिवशी प्रॅक्टिकल, बाकीचे सहा दिवस दुसऱ्यांच्या प्रॅक्टिकलच्या काचा.

हे मॅडमनी सांगितलं तसं गोड नव्हतं. बोटांची कातडी सोलून निघायची.

गेल्या जुलैत आमच्याच लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली. बी.एस्सी. पाहिजे होती. मी अर्ज लिहिला. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीनं पुढे जातो. मॅडमनी वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

"एवढी घाई कशाला? एकेक पायरी चढावी. तू तर छोट्या पावलांची ना?"

अकरा वर्षं. आणि घाई.

जागेवर त्यांच्या मैत्रिणीची मुलगी आली. तिला ब्युरेटची काचेची नळीही धरता येत नव्हती. मॅडम मला म्हणाल्या, "जरा दाखव गं तिला." मी दाखवलं. घरी काही सांगितलं नाही. बाबांना वाटायचं, मॅडमचे उपकार आहेत म्हणून मी शिकले.

आणि आता त्याच मॅडम मला स्टेजवर उभं करून सत्कार करत होत्या. नारळ दिला. चकचकीत पाकिटातली साडी दिली. "उघड ना, दाखव सगळ्यांना."

उघडली. जांभळी साडी. ओळखीची. घडी हलली तशी पदराची कड वर आली. कडेला नाण्याएवढा काळा डाग. दोन वर्षांपूर्वी सिल्व्हर नायट्रेटची बाटली कलंडली होती आणि मॅडमचा पदर त्यात गेला होता. मीच पाणी घेऊन धावले होते. "फेकून द्यावी लागणार," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

फेकलीच त्यांनी. माझ्या अंगावर.



"दोन शब्द बोल," मॅडमनी माइक पुढे केला.

माझं मराठी घरचं, हिंदीत घोळलेलं. भाषण कधी केलं नव्हतं. पण शब्द शोधावे लागले नाहीत.

"ही साडी मॅडमची आहे. मतलब, जुनी. हा डाग सिल्व्हर नायट्रेटचा. धुऊन निघत नाही, मी घासून बघितलंय." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. "मॅडम, मला साडी नको. जुलैत दिलेला माझा अर्ज तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यावर सही का नाही केली, ते इथं सांगा."

"अगं, हा विषय इथला आहे का?" मॅडम हसल्या. फोटोत हसतात तशा.

"माझा समाज, माझं घर, हा इथला विषय आहे. मग अर्ज पण आहे."

साडी टेबलावर ठेवली. नारळ ठेवला. खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "शिकल्या की अशाच होतात." बरोबर होतं त्यांचं.

बाहेर बाबांनी मला थांबवलं.

"काऊन बोलली वं तू असं? एवढ्या मोठ्या लोकाईत?"

मी जुलैची गोष्ट सगळी सांगितली. कपाची पण. बाबा फुटपाथवर उभेच राहिले. आभाळभर पतंग होते, त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "आन् मी टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "हे मले आधी काऊन नाही सांगतलं?"

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच ठेवलं, नवी टेक्निशियन ऐकेल असं.

"उद्यापासून तू तिसऱ्या मजल्यावर. बाथरूमची सफाई बघ. लॅबमध्ये तुझी गरज नाही."

"लिहून द्या."

"काय?"

"बदलीचा कागद द्या. कारणासकट. माझ्या नेमणुकीच्या पत्रात लॅब अटेंडंट लिहिलंय."

 त्यांनी कागद दिला नाही. मी लॅबमध्ये गेले. खिडकीतला कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि सगळ्यांच्या ट्रेमधला एक उचलून चहा घेतला. कुणीतरी मान वळवली. वळवू दे.

बाबांनी त्या आठवड्यात मला ऑफिसातलं एकच काम शिकवलं. तीस वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. अर्ज हातात द्यायचा नाही. आवक खिडकीवर द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. जागा भरली होती, तरी जुलैचा अर्ज मी पुन्हा लिहिला, थेट प्राचार्यांच्या नावानं. खाली एक ओळ वाढवली. नाकारायचा असल्यास कारण लेखी कळवावे.

उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी दुसरा अर्ज. मग तिसरा. आवक खिडकीवरचे भैया आता मला बघितलं की न विचारता शिक्का काढून ठेवतात. एम.एस्सी.चा फॉर्मही भरलाय. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. माझी पावलं आता कुणाच्या भाषणात जाणार नाहीत.

आज नववा सोमवार. नवव्या अर्जावर शिक्का आहे. दहावा लिहून पिशवीत ठेवलाय. मला काढून टाकतील, असं लॅबमध्ये सगळे म्हणतात.

काढू देत. त्याचंही कारण लेखी मागीन.