बारावा जोड

रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका आतल्या गावात मी चार वर्षं मुलींना खेळ शिकवले. ऐंशीचं दशक होतं, माझी पंचविशी होती आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास होता. शाळेला मैदान नव्हतं. गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात जिथे जराशी माती टिकली होती, तिथे फक्कीच्या रेषा मारून आमचा खो-खो चालायचा. कडेला जांभ्या दगडांचा, नुसता रचलेला बुटका गडगा आणि पलीकडे, आंब्याच्या कलमांमागे, चिऱ्याची जुनी खाण. पाऊस सरला तरी दिवाळीपर्यंत ती पाण्याने भरलेली असे. खाणीकडे फिरकायचं नाही, हा माझा पहिला नियम होता.

दुसरा नियम मोजणीचा. संघात बारा मुली. पण बारा मुली कधी एका जागी धड उभ्या राहिल्यात? पाच मोजून होईपर्यंत पहिली पाणी प्यायला पळालेली असायची. माझा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मी शक्कल काढली. खेळायचं अनवाणी, तेव्हा आल्या आल्या चपला गडग्यावर ओळीने मांडायच्या. बारा जोड दिसले की संघ पूर्ण. सुटल्यावर मुलींचे जोड गेले की मुली गेल्या. चपला खिदळत नाहीत, पळत नाहीत. ओळीच्या टोकाला मीही माझ्या काढायची. मैदानात चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही, ही मला लहानपणापासूनची शिस्त.

शिक्षकांच्या खोलीत मी ही युक्ती ऐकवली, तेव्हा एक वयस्क गुरुजी मिशीत हसले. "बाई, चपलांची हजेरी तुम्ही घेता, मग पोरींची कोण घेतं?" मला त्यांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

आमची सगळ्यात चपळ मुलगी सड्यापलीकडच्या वाडीतली होती. वडील मुंबईला, आई गवत कापून घर चालवायची. बाकीच्या मुली सुटल्याबरोबर एसटी गाठायला धावत सुटायच्या. ही एकटी उलट्या दिशेने घरी जायची. तालुक्याच्या सामन्यांना आठ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी शेवटच्या फेऱ्या झाल्या आणि एकीचा गुडघा फुटलेला, तो मी बांधत बसले. मान वर केली तर सडा रिकामा. गडग्यावर गुडघा फुटलेलीच्या आणि माझ्या चपला तेवढ्या उरल्या होत्या. मी समाधानाने माझ्या पायांत सरकवल्या आणि गुडघावालीला घेऊन रस्त्याकडे निघाले.

ती एसटीत बसून गेली. मी वळते तो समोरून आमच्या चपळ मुलीची आई येत होती, डोक्यावर गवताचा भारा.

"बाई, आमची पोर अजून खेळतेच हाय काय वो? घरला आली नाय."

"कधीच निघाली ती. मी गडगा बघूनच निघाले ना. एकीचीही चप्पल उरली नव्हती."

तिने डोक्यावरचा भारा सावरला. "तिला चपला हायत कुठं, बाई? औंदा घेतल्याच नाय."

मी रोज बारा जोड मोजत होते. अकरा मुलींचे आणि एक माझा. नदी ओलांडून एकमेकांना मोजणारे गोष्टीतले मूर्ख निदान स्वतःला मोजायला विसरतात. मी स्वतःला मोजलं आणि पोर विसरले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं.

तिने भारा तिथेच टाकला, फक्त दोरी सोडून हातात घेतली. आम्ही दोघी पळत सुटलो. काय झालं असेल ते दोघींनाही कळलं होतं, पण खाणीचं नाव कुणी काढलं नाही.

ती खाणीतच होती. फेऱ्या मारताना अंगठा फुटला, म्हणून रक्त धुवायला उतरली आणि शेवाळावरून घसरली. चिरे कापून राहिलेल्या एका अरुंद पायरीवर ती कमरेभर पाण्यात, भिंतीला चिकटून उभी होती. पुढचं पाऊल टाकलं असतं तर तळ लागला नसता. आईने भाऱ्याची दोरी खाली सोडली, मी काठावर पालथी पडून तिचं मनगट धरलं. वर आल्यावर आईने तिला आधी एक चापट मारली आणि मग असं कवटाळलं की मला तिकडे बघवेना. मी तिथेच खाली बसले. मला ओक्साबोक्शी रडू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजू लागले, येताना आणि जाताना. मुली म्हणायच्या, "बाई आशीर्वाद वाटतायत." वाटू दे म्हटलं. गुरुजींपुढेही मी चूक कबूल केली. ते हसले नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, "अगं, हाका का नाही मारल्यास?"

दातांवर दात आपटत होते तिचे, तरी ती हसली. "आदी मारल्या. मग गप उभी ऱ्हायले. तुमी येणारच, म्हाइत होतं. मोजल्याबिगर तुमी कवा जात नाय."

मोजूनच निघाले होते, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.