मामावर रचलेलं गाणं

भजन जुनं झालं की त्याचा मान वाढतो. विनोदी गाण्याला तशी सोय नाही. लोक हसले तर ते गाणं, नाहीतर नुसती कुणाची तरी चहाडी. माझ्या मामावर असं एक गाणं होतं, म्हणून मला हे जरा जवळून पाहता आलं.

मामाचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. तिथं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, हे बायकांचं काम होतं. चिखल गड्यांनी करायचा, पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या बांधून बांधीच्या खाचरात गड्यांनीच फेकायच्या, पण वाकून रोपं लावायची ती बायकांनी. प्रत्येकीनं आपली पात धरायची आणि दिवसभर मागं मागं सरकत राहायचं. धनी छत्री घेऊन धुऱ्याच्या कोरड्या बांधावर उभा. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोयही नव्हती.

एका पावसाळ्यात मामीचं बाळंतपण नुकतंच झालेलं, कंबर धरलेली, आणि त्यात रोवायला बाया कमी पडल्या. मामानं छत्री धुऱ्यावर ठेवली, धोतर खोचलं आणि तिच्या शेजारी वाकून तिची अर्धी पात लावून दिली. रोवणा संपेपर्यंत तो रोज उतरला. शेजारच्या बांधीतल्यांनी पाहिलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. लोक मंडईची वाट पाहत होते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, जिलेबी आणि उकडलेले शिंगाडे विकायला बसतात, आणि दुपारी गावातलेच गडी बायांची सोंगं घेऊन दंडार नाचतात. त्या वर्षी एक मिशीवाला गडी लुगडं नेसून आला, कंबरेत वाकला आणि उलटा चालत गाऊ लागला:

धुऱ्यावरचा धनी आज बांधीत वाकला गा,
बाईच्या पातीले लागून रोवाले लागला गा,
सांग ना गा धनी, तुले चुडा कोनता?

चाल झकास होती, हे मान्य केलंच पाहिजे. मी शाळकरी पोर, सुट्टीत आलेलो; पोट धरून हसलो. मामा पुढच्याच रांगेत बसला होता. तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला आणि ढोलकीवाल्याला बक्षीसही देऊन आला. बाया पलीकडे बसल्या होत्या.

गाणं आसपासच्या मंडयांमध्ये फिरलं. तिरोड्याच्या बाजारात अनोळखी माणसंसुद्धा मामाला चुड्याचं माप विचारायची आणि मामा हसून "तुया बायकोले विचार" म्हणायचा. पुढच्या पावसाळ्यात तो छत्री घेऊन धुऱ्यावर उभा राहिला. त्यानंतर चिखलात वाकला नाही तो नाहीच. माणूस वाईट नव्हता. मामीसाठी मलमं आणायचा, गोंदियाच्या डॉक्टरांकडे न्यायचा, एक्सरे स्वतः उजेडात धरून बघायचा. पण बांधीत उतरायचा नाही. मला त्याचा फार राग यायचा, आणि तो राग गाण्यावर काढावा की मामावर, हे काही ठरत नसे. मामी पन्नाशीच्या आतच कंबरेतून वाकली.

पुढे दंडार बंद पडली आणि गाणंही लोक विसरले. मामा विसरला नव्हता. यंदा गावातल्या पोरांनी जुनी दंडार पुन्हा उभी करायची असं ठरवलं, तेव्हा ती त्या गाण्याची परवानगी मागायला मामाकडे आली. मामानं परवानगी तर दिलीच, वर चार दिवस बसून त्यांना चाल शिकवली. मंडईच्या दिवशी नवा सदरा घालून तो पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. आता बाया-गडी एकत्रच बसतात, म्हणून शेजारी मामी, तिच्या पलीकडे मी.

एक पोरगा लुगडं नेसून आला, वाकला, उलटा चालला. गळाही गोड होता. "चुडा कोनता"वर ढोलकी थांबली, लोकांना हसायला जागा मिळावी म्हणून. दोन-तीन म्हातारे खोकल्यासारखे हसले. बाकीचे पुढे काय होतं याची वाट पाहत बसले. मागच्या रांगेतल्या एका सुनेनं नवऱ्याला विचारलं, "रोवनाच करून रायला ना तो? यात हासाचं का आहे?"

"मालूम नाई. मीबी तं केलो यंदा," नवरा म्हणाला.

पोरांनी गाणं कसंबसं संपवलं आणि पुढचं सुरू केलं. मामा माझ्याकडे वळला.

"काऊन गा, हासले काऊन नाई?"

मी सांगितलं. मजूर मिळत नाही. घरोघरी गडीच वाकतात, कॉलेजातली पोरंसुद्धा सुट्टी काढून रोवायला येतात. गड्यांच्या टोळ्या रोवण्याचा ठेका घेतात.

"सारेच करते?"

"सारेच."

"कोनी काही म्हनत नाई?"

"कोण म्हणणार?"

त्याची मला दया आली, खोटं कशाला सांगू. नव्या सदऱ्याची बाही त्यानं उगाच दोनदा खाली ओढली.

"मंग मी कायले सोडलो?" तो म्हणाला. "सारा गाव हासत होता ना तवा?"

मामी मांडीवरचे शिंगाडे सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मी नोती हासली," ती म्हणाली. "तुमी साऱ्या गावाकडं पायले. माह्याकडं पायलेच नाई."

तेव्हा मामानं तिच्याकडं पाहिलं. तिची मान खाली होती. ती आता फारशी वर होतही नाही.