फिरत्या अँटेनाची जागा

आज शेजारी ग्राइंडरवर लोखंड कापत होते. त्या जळक्या वासानं मी थेट लहानपणीच्या, धाड गावातल्या आमच्या अंगणात पोचले.

वेल्डिंग करणारे रहीमचाचा फिरती अँटेना घेऊन आले होते. खालून दांडा फिरवला की वरचा पाइप वळणार होता. सामना सुरू झालेला, सारी आळी टीव्हीपुढे बसलेली, आणि चाचा पाइप उभा करायलाच तयार नव्हते.

"समोरच लावा ना! तिथंच चित्र साफ येते," बाबा तिसऱ्यांदा ओरडले.

"समोरून बिजलीची तार गेली, भाऊ. पाइप पडला तं?"

"काऊन पडन?"

चाचांनी पाइप तिथंच जमिनीवर आडवा ठेवून दाखवला. टोक वरच्या तारेच्याही पलीकडे गेलं. तरी बाबा धुसफुसतच होते. मला तर चाचांचा इतका राग आला की मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

शेवटी अँटेना मागे, गोठ्याजवळ बसली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. कोण खेळतंय तेही कळेना.

त्याच उन्हाळ्यात वादळानं पाइप उपटला आणि उकिरड्यावर आडवा केला. बाबा बराच वेळ समोरच्या तारेकडे पाहत राहिले. मग चप्पल घालून स्वतः चाचांना घेऊन आले.

"कुठं लावू, भाऊ?"

"मांगंच," बाबा म्हणाले.